शंभर पावलांवरचं नेपाळ

आम्ही नेपाळला कधी गेलोच नव्हतो.

हो, बरोबर वाचलंत. सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत आणि तिकडे जासई गावात ज्या नेपाळ ट्रिपच्या गोष्टी तुम्ही इतकी वर्षं ऐकल्यात, ती ट्रिप झालीच नाही.

त्या गोष्टी सांगणारा हिराजी गेला. आज त्याचा दहावा झाला.

दहाव्याला त्याची मुलगी ऋतुजा माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, पप्पांचा नेपाळमधला फोटो असेल ना तुमच्याकडे? हॉलमध्ये लावायचाय."

"बघतो," म्हणून मी तिथून सटकलो गं पोरी. म्हणून इथे लिहितोय.

हिराजी जासईच्या यार्डात ट्रेलर चालवायचा. अस्सल आगरी गडी. गाडीला "गारी" म्हणायचा. आम्ही चिडवलं की मुद्दाम आणखी मोठ्याने म्हणायचा.

रोज परदेशातून आलेले कंटेनर ओढून ओढून त्याच्या डोक्यात एकच खूळ बसलं होतं.

"सगल्या जगाचा माल माज्या मागं फिरतो रं. मी कवा जानार?"

मग बेलापूरला क्लार्क असलेल्या आमच्या मंग्याने शोध लावला. नेपाळला पासपोर्ट लागत नाही!

झालं. सत्त्याण्णवची दिवाळी संपली आणि हिराजीच्या सेकंडहँड जीपमधून आम्ही तिघं निघालो. गावाने जीपपुढे नारळ फोडला. हिराजीने खास नवा गॉगल घेतला होता. फॉरेनला चाललो होतो, बॉस!

स्टिअरिंग त्याने आम्हाला एकदाही दिलं नाही. "तुमी फकस्त बाहेर बघा," म्हणायचा.

चौथ्या दिवशी सकाळी सोनौलीची बॉर्डर आली.

समोर कमान. पलीकडे नेपाळ. चालत गेलं तर शंभर पावलं.

मी हिराजीचा फोटो काढला. मंग्या गाडीचे कागद करायला गेला. पलीकडून फोन करायचा म्हणजे आयएसडी, म्हणून म्हटलं इथूनच घरी एक एसटीडी लावून घेऊ.

आमच्याकडे फोन नव्हता. समोरच्या घरी लावला, तिथल्या काकूंनी उचलला.

"अरे आहेस कुठे तू? आईला अ‍ॅटॅक आलाय. आयसीयूत आहे."

वडील आधीच गेलेले. मी एकुलता एक. बूथमधून बाहेर आलो आणि मंग्या परत येताच दोघांना सांगितलं.

"तुम्ही दोघं पुढे जा," मी म्हटलं. "मी गोरखपूरहून ट्रेन पकडतो."

"रिझर्वेशन तुजा बाप देनार काय?" हिराजी म्हणाला. "बस गारीन."

मंग्या कळवळला. "हिऱ्या, निदान दोन मिनिटं पलीकडे पाय तरी लावून ये रे."

हिराजीने एकदा त्या कमानीकडे बघितलं. गॉगल काढून खिशात ठेवला.

"पाय लावला तर मन लागंल. नको."

आणि जीप वळवली.

परतीच्या वाटेत तो किती झोपला असेल? मला नाही वाटत तो झोपला. मी मागच्या सीटवर रडत होतो आणि तो गाडी हाणत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉस्पिटलच्या दारात.

आई वाचली होती. वॉर्डात आणलं होतं. आम्हाला बघितल्यावर मात्र तिचा चेहरा पडला.

"माज्यापायी तीर्थ सोडून आलासा व्हय रं?" आमची आई साताऱ्याची. तिच्यासाठी नेपाळ म्हणजे पशुपतीनाथ. ती रडायलाच लागली. नर्स आमच्यावर ओरडली, पेशंटला टेन्शन देऊ नका.

हिराजी पुढे झाला. सात दिवसांची दाढी, डोळे लालभडक.

"नाय गं आय! आमी जाऊन आलो. दर्शन झाला." वाटेत कुठेतरी घेतलेले बत्तासे खिशात होते, ते त्याने तिच्या हातावर ठेवले. "हा घे परसाद."

आईने ते कपाळाला लावले. "देऊळ कसं हाय रं?"

"लय मोठं. बर्फ हाय. मागं खाडी हाय."

"डोंगरात खाडी?"

"हाय ना!"

खाडीकाठच्या जासईचा माणूस. खाडीशिवाय गाव त्याला सुचणार तरी कसं?

बाहेर आल्यावर त्याने माझी कॉलर धरली. "आयला कवा कलाय नको."

आई पुढे अकरा वर्षं जगली. दर महाशिवरात्रीला हिराजीला बोलावून ती गोष्ट ऐकायची. दर वर्षी बर्फ वाढायचा, खाडी तेवढी तशीच. तीच गोष्ट मग त्याने बायकोला सांगितली, ऋतुजा, तुला सांगितली, साऱ्या गावाला सांगितली.

आणि मी काय केलं? कंपनीतर्फे दोनदा परदेशात जाऊन आलो. येताना त्याच्यासाठी कीचेन आणली.

कीचेन! लाज वाटते लिहिताना. ज्याने माझ्या आईसाठी गाडी वळवली, त्याच्या हातात मी कीचेन ठेवली. त्याने ती "फॉरेनची हाय" म्हणून शेवटपर्यंत गाडीच्या चावीला लावली होती.

दर वर्षी म्हणायचो, "हिराजी, यंदा जाऊ या." तो म्हणायचा, "जाऊ की." तारीख मी कधीच काढली नाही. तो घाई करत नव्हता, म्हणून मी निवांत राहिलो. मला माफ कर रे हिराजी. तुला एकदा न्यायला हवं होतं.

ऋतुजा, नेपाळमधला फोटो नाही बेटा.

पण हा एक आहे, खाली टाकलाय. गॉगल लावून जीपला टेकून हसतोय तो तुझा बाप. मागे कमान दिसते ना? तिच्यापलीकडे नेपाळ. हाच लाव हॉलमध्ये. कुणी विचारलं तर सांग, इथून पप्पा परत फिरले, एका मित्राच्या आईसाठी.

हिराजी, जा आता. गॉगल लाव आणि सरळ जा.

या वेळी मी घरी फोन करणार नाही.