वीस किलोमीटरचं टोचन

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या नवऱ्याने सर्वांत जास्त वापरलेला शब्द म्हणजे 'नको'. गच्चीवर पापड वाळत घालू नको, फ्रिजवर डबे ठेवू नको, फोन चार्जिंगला लावून बोलू नको. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. जन्मभर लोकांच्या फायलींवर शेरे मारले आणि निवृत्त झाल्यावर फाईल म्हणून मीच हाताशी उरले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे वाचणं. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, वीजबिलाची मागची बाजू, लग्नपत्रिकेतली किलबिल करणाऱ्या मुलांची नावं, सगळं चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचतात. हातात ऑफिसातून आणलेली लाल-निळी पेन्सिल. मी मात्र अमरावतीच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं 'बायांनो, आधी प्रश्न नीट वाचा' असं ओरडत आले आणि स्वतः कधी मिक्सरचं माहितीपत्रकही उघडलं नाही. मास्तरणीला कोण परीक्षेला बसवणार?

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला. म्हणजे आहे जागेवर, पण त्याचा उपयोग चप्पल घालण्यापुरता. त्यामुळे क्लच दाबायची गाडी माझ्या नशिबात नव्हती. शाळेत रिक्षाने गेले, आणि दर वेळी कुणीतरी कोपराला धरून मला उतरवलं. मला त्या कोपर धरण्याचा भयंकर राग येतो. धरणारे सगळे चांगले असतात, म्हणून रागावताही येत नाही. ते अजूनच वाईट.

निवृत्त झाल्यावर मला कळलं की ऑटोमॅटिक गाडीला दोनच पायडल असतात आणि दोन्ही उजव्या पायाने दाबायची. घरात जाहीर केलं. नवरा म्हणाला, "नको." मी गाडी घेतली. भातकुलीला त्यांचं शेत आहे, त्या रस्त्यावर शिकले. पहिल्या आठवड्यात बकऱ्यांचा एक कळप माझ्यामुळे नाल्यात उतरला, बाकी प्राणहानी नाही. मग दर शनिवारी मी एकटी अकोल्याला जाऊ लागले. तिथे माझी मोठी बहीण असते. तिच्याकडे जेवायचं, अख्ख्या नात्यागोत्याची धुणी धुवायची आणि उजेड असेपर्यंत परत यायचं. जाता-येताचे ते दोन-दोन तास कुणी मला 'जमेल ना?' असं विचारत नसे. आयुष्यात मला याहून मोठी चैन माहीत नाही.

आमच्याकडे दसऱ्याला विळा, कुदळ, शिलाई मशीन, गाडी सगळ्यांची पूजा होते. पुस्तकंही मांडतात. गाडीबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक मी पहिल्याच दसऱ्याला पाटावर मांडलं, त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटासकट. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. पूजा झाली की पुन्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात. नवरा म्हणाला, "एकदा उघडून पाह्य त खरं, काय लिवलं हाय त."

"पूजेचं हाय थे. प्लास्टिक फाडू नका," मी म्हटलं. त्या पुस्तकाला चार दसरे कुंकू लागलं. त्याचं एक पान मी वाचलं नाही.

गाडीची वॉरंटी संपत आली तेव्हा शोरूममधून फोन आला की थोडे पैसे भरून ती वाढवून घ्या. नवऱ्याने फोनवरच शेरा मारला, "नको." मी तेव्हा बाजूलाच मालिका बघत बसले होते. मालिकेतल्या सुनेला विष दिलं जात होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही. ही गोष्ट पुढे मी सोयीने विसरले, म्हणून आत्ताच कबूल करून टाकते.

पौषातला शनिवार होता. मूर्तिजापूर मागे टाकलं, बोरगाव जवळ आलं आणि गाडीचं इंजिन बोंबलायला लागलं. मी पाय दाबला की आवाज वाढायचा, पण गाडी पुढे जायची नाही. शेवटी ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली लालसर तेलाची धार. गिअर D वर ठेवला, R वर ठेवला, देवाचं नाव घेतलं. तिघांनीही दाद दिली नाही.

पाच मिनिटांत पाच माणसं जमली. आमच्या भागात बाईची गाडी बंद पडली की कुणी तोंड फिरवून जात नाही. उलट जो येतो तो डॉक्टरच होऊन येतो.

"गेअर टाका ना ताई."

"याले गेअर नाई टाकाव लागत. ऑटोमॅटिक हाय," मी म्हटलं.

"मंग आपोआप सुधरन थे," एकजण अगदी मनापासून म्हणाला.

तेवढ्यात रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टरवाला थांबला. पन्नाशीचा, डोक्याला मफलर, गावाकडे परत निघालेला. त्याने कुणाला काही न विचारता ट्रॉली सोडवली आणि दोर काढला. "टोचन करून देतो ताई. अकोल्यापावतर वढत नेतो. आमी हावो ना, तुमी कायची फिकीर करता?"

टोचन म्हणजे बंद गाडीला दोर बांधून ओढत नेणं. आमच्याकडे ट्रक, जीप, मळणीयंत्र, नवरदेवाची गाडी, सगळ्यांचं टोचन होतं. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी दोर बांधून होईपर्यंत मी नवऱ्याला फोन केला.

"वढू नको," ते म्हणाले. "गाडी हाय तिथंच राहू दे. मी येतो, उचलून नेणारी गाडी घेऊन येतो."

"तुमचं नको माह्याजवळ पोतंभर साचलं," मी म्हटलं. "तुमी येईपर्यंत मी काय इथं उभी राहून वाळू?" आणि फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला.

खरं सांगते, ते वीस किलोमीटर मी फार मजेत गेले. गाडी N वर, हात स्टिअरिंगवर, पुढे ट्रॅक्टर, आणि रस्त्यावरचे सगळे वळून बघताहेत. मध्ये ट्रॅक्टरवाल्याने एका टपरीशी थांबून खिडकीतून मला चहा दिला. अकोल्यात गॅरेजपाशी सोडल्यावर पैसे दिले तर त्याने हात मागे घेतले. फक्त आपला नंबर दिला आणि म्हणाला, "गाडी सुधरली की सांगजा."

दोन दिवसांनी गाडी अमरावतीच्या शोरूममध्ये आणली, उचलून. काउंटरवरच्या टायवाल्याने संगणकात बघून अत्यंत गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, वॉरंटी एकोणीस दिवसांपूर्वी संपली." गिअरबॉक्स खोलावा लागेल, बहुतेक अख्खा बदलावा लागेल, असंही तो तितक्याच गोडव्याने म्हणाला.

मग मी घरी येऊन जे सुरू केलं ते तीन आठवडे चाललं. नवऱ्याचं एक 'नको' मला एवढं महाग पडलं, हे मी त्यांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, नणंदेला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. जेवताना ते भाजी नको म्हणाले तरी मी 'वॉरंटी पण नकोच होती' असं म्हणायचे. ते एका शब्दाने उलटले नाहीत. एकदा तर म्हणाले, "हो, चुकलंच माह्यं." चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी ते वाक्य तोंडात घोळवत दिवसभर हिंडले.

बाहेरचे लोक सल्ले देत होतेच. मोडीत काढा, साधी गाडी घ्या, ड्रायव्हर ठेवा, आता या वयात कशाला. दिवसा मी सगळ्यांवर खेकसत होते, पण आतून मला भीती वाटत होती. गाडी गेली तर पुन्हा रिक्षा, पुन्हा कोपर धरणारे चांगले लोक. एका शनिवारी मी नुसती अंगणात खुर्ची टाकून बसले आणि गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघून रडले. नवऱ्याने ते खिडकीतून पाहिलं असणार. पुढच्या शुक्रवारी त्यांनी चार मित्रांबरोबर ठरलेली चारधाम यात्रा रद्द केली आणि शोरूमला कळवलं की गिअरबॉक्स बदलायचा, सोमवारी येऊन सही करतो. या यात्रेसाठी ते दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. नवे बूटसुद्धा आणले होते. मी मनात म्हटलं, बरं झालं, केलेलं निस्तरावं माणसाने.

शनिवारी शोरूमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने मला फोन करून बोलावलं. मागच्या शेडमध्ये त्याने एका ट्रेमधलं काळं तेल दाखवलं. त्यात चमचमणारा लोखंडाचा चुरा होता.

"तेलाच्या नळीचं सील गेलं होतं," तो म्हणाला. "छोटं काम होतं थे. दुपारून करून देलं असतं. पण बाई, याचं टोचन केलं होतं काय?"

मी मान हलवली.

"इंजिन बंद असलं की आतमंदी तेल फिरत नाई. चाकं फिरली की कोरडंच घासत जाते सगळं. वॉरंटी चालू असती तरी कंपनीनं हात वर केले असते. पुस्तकात लिवलेलं असते ना."

मी रिक्षाने घरी आले. उतरताना कोपर कुणी धरलं तेही मला कळलं नाही. म्हणजे वॉरंटीचा काही संबंध नव्हता. गाडी मी मारली होती, चहा पीत पीत. आणि एक माणूस माझ्या गुन्ह्यासाठी आपल्या यात्रेचे पैसे भरत होता. सोमवारची सही व्हायची होती. आता खरं सांगितलं तर ते पेन खाली ठेवतील, आणि ठेवलं तर त्यांचं काय चुकेल? न सांगितलं तर मला गाडी मिळेल. मी काय ठरवलं ते सांगायला लाज वाटते: मी गप्प बसायचं ठरवलं. शनिवार गेला, अर्धा रविवार गेला. तीन आठवडे अखंड चाललेलं माझं तोंड बंद झालं म्हणून नवऱ्याने मला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिलं.

गाडीतल्या कप्प्यातलं सामान एका पिशवीत घालून शोरूमने आधीच घरी दिलं होतं. रविवारी दुपारी मी त्यातून ते पुस्तक काढलं. निदान किती मोठ्या अक्षरात लिहिलंय ते बघावं. चार दसऱ्यांचं कुंकू बोटांना लागलं. पाकीट फाडायला उलटं केलं, तर मागच्या बाजूने ते आधीच ब्लेडने सरळ कापलेलं होतं, आणि कापलेल्या जागी सरकारी खात्यातल्यासारखी नीट चिकटपट्टी लावली होती.

आत पानोपानी लाल-निळ्या रेघा होत्या. टायरची हवा, निळी. एअरबॅग, लाल. आणि गाडी बंद पडल्यास काय करावं त्या पानावर, पुढची चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढू नये या ओळीखाली दोन लाल रेघा.

ते मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"तुमाले मालूम होतं," मी म्हटलं. "त्याच दिवशी. फोनवर तुमी वढू नको म्हणलं थे याच्यासाठी."

"हो."

"मंग तीन आठवडे शिव्या काहून खाल्ल्या? दूधवाल्यासमोर?"

त्यांनी शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "तुले समजलं असतं की गाडी तुह्या हातानं गेली, त तू पुन्हा स्टिअरिंगले हात लावला असता काय? मी ओळखतो ना तुले. माह्यावर राग होता तंवर तुले गाडी पायजे होती."

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले आणि एक शेंग सोलायला घेतली. मी म्हटलं, "आता उद्या सही करू नका. चारधामले जा."

"नको," ते म्हणाले.

गाडी महिन्याभराने आली. ट्रॅक्टरवाल्याला मी फोन केला आणि सांगितलं, दादा, तुमच्यामुळे गाडी वाचली. तो इतका खूश झाला की मला दुसरं काही सांगवेना. पहिल्याच शनिवारी अकोल्याला निघाले तर नवरा न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसला, पायात यात्रेचे नवे बूट घालून. मूर्तिजापूरच्या पुढे माझ्यापुढे कापसाने फुगलेला एक ट्रक हळूहळू चालला होता. रस्ता समोरून मोकळा दिसत होता. मी उजवीकडे दिवा दिला.

"नको," ते म्हणाले.

मी दिवा बंद केला आणि बोरगावपर्यंत त्या ट्रकच्या मागे राहिले.