न वाजणारा रॉड होल्डर

दिलीप गेला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलो होतो, आणि खरं सांगतो, अजूनही आहे. माणूस गेला की राग सोडून द्यावा म्हणतात. मी प्रयत्न केला, जमलं नाही. सकाळी चहा गाळत होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठून नाही राहिले…" एवढंच त्या बोलल्या, मग फोन त्यांच्या मुलीनं, स्वातीनं घेतला आणि म्हणाली, "काका, बस आप आ जाओ." मी पोचलो तेव्हा त्याला खाली घेतलं होतं. चेहऱ्यावर तोच भाव होता, ‘मी म्हणतो तेच बरोबर’ असा. आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं. माझं म्हणणं अजून पुरतं सांगून झालं नव्हतं आणि हा गडी मधूनच उठून गेला. आता कोणाशी भांडू, हेच त्या घरात शिरताना पहिल्यांदा मनात आलं. लाज वाटली, पण आलं ते आलं.

आम्ही दोघंही रायपुरात रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होतो. तो शॉपमध्ये सुपरवायझर, मी स्टोअरमध्ये. त्याचे आजोबा अमरावतीकडून आलेले, माझे गोंदियाकडून, दोघंही रेल्वेच्याच मागे. तरुणपणापासून रविवारी तळ्यांच्या काठी गरी टाकून बसायचं आमचं ठरलेलं असे. गरी म्हणजे आपली गळाची काठी. रिटायर झाल्यावर दिलीपनं दोघांपुरती एक फायबरची जुनी होडी घेतली आणि बांबूच्या काठीच्या जागी रीलवाले दोन चांगले रॉड आणले. धमतरीकडच्या एका जलाशयाचा ठेकेदार ओळखीचा होता, त्यानं होडी घालायला हो म्हटलं. आता म्हातारपण मजेत जाईल असं वाटत असतानाच त्याच्या किडन्यांनी हात टेकले. डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून जोडून घेतलेली, आणि त्या हाताला ओझं नको, झटका नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे मासेमारीतला एक हात कायमचा गेला.

आता ज्यानं मोठा मासा खेळवला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको की एका हातानं रॉड धरून त्याच हातानं रील फिरवता येत नाही. मी सरळ म्हटलं, "मी धरतो ना रॉड, तू फक्त रील फिरव."

"तू धरशील तर मासा तुझा होईल," तो म्हणाला. "मले माझा पायजे. एक. बस."

त्यानंतर त्याचं सगळं जगणं त्या एका माशाभोवती फिरायला लागलं. उपाय त्यानंच काढला. होडीच्या कडेला एक होल्डर, त्यात रॉड उभा राहणार. मासा लागला की उजव्या हातानं रॉड उचलायचा, बसल्या जागी दोन गुडघ्यांमध्ये दुसरा होल्डर बसवलेला, त्यात रोवायचा आणि मग उजव्याच हातानं रील फिरवायची. कल्पना चांगली होती, ते मी तेव्हाही कबूल केलं होतं. पण ऑनलाइन मागवलेले होल्डर आले ते समुद्रावरच्या जाड्या रॉडचे. आमचा रॉड त्यात भांड्यातल्या चमच्यासारखा गरगर फिरे, आणि रीलची मान, म्हणजे तिला रॉडशी जोडणारी दांडी, वरच्या काठावर अडकून बसे. दिलीपनं ते होल्डर बाजूला टाकले आणि जाड पीव्हीसी पाइप गरम करून स्वतःचे बनवले. रीलची मान आत उतरावी म्हणून पुढच्या बाजूनं चीर पाडली. बीरगांवात एका ओळखीच्या वेल्डरकडून खालचा पाया करून घेतला. कोन जमेना म्हणून तो पाया तोडला, पुन्हा केला. इथवर ठीक होतं. खरा घोळ पुढे झाला.

रॉड होल्डरमध्ये वाजत होता. पोर्चमध्ये होडी हलवून पाहिली की खटखट, इतकंच. कोणत्याही होल्डरमध्ये रॉड थोडा वाजतोच, वाजायलाच पाहिजे, त्याशिवाय तो चटकन निघणार कसा? पण आमच्या या माणसानं सगळी उमर वॅगनखाली वाकून आवाज ऐकण्यात घालवलेली. चालत्या गाडीत खटखट ऐकू आली की याला झोप लागत नसे. जे वाजतं ते ढिलं, जे ढिलं ते एक दिवस तुटतं, हा त्याचा धर्म. त्यानं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आतून चिकटवल्या. मग चिरेच्या दोन्ही काठांना चिकटवल्या. मग आणखी एक थर.

"थोडा ढिला राहू दे ना बे," मी म्हणायचो. "काय बिघडते?"

"वाजून राहिला ना तो."

"वाजू दे! तुले मासा धरायचा आहे का मालगाडी पास करायची आहे?"

यावर तो हसायचा आणि पट्टी दाबत बसायचा. आठवड्यात तीन दिवस डायलिसिसचे, त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसायचं, उरायचा एक रविवार. आणि तो रविवार हा माणूस पोर्चमध्ये ट्यूब कापण्यात घालवायचा. मी डबा बांधून, टोपी घालून तयार होऊन जायचो आणि तिथंच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वहिनींच्या हातचे पोहे खाऊन परत यायचो. किती रविवार असे गेले! आपल्याजवळ वेळ थोडा आहे हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं, आणि तरी तो पट्टीच चिकटवत होता. याचाच संताप यायचा. आजही येतो.

शेवटी एका रविवारी निघालो. छोटा हत्ती टेम्पो सांगितला, होडी चढवली. पाणी स्वच्छ होतं, हवा पडलेली. दिलीपनं रॉड होल्डरमध्ये दाबून बसवला, हलवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं. आवाज नव्हता. इतका खूश झालेला मी त्याला बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. आम्ही गप्पा मारत बसलो, त्यानं स्वातीच्या लग्नाचा विषय काढला… आणि रॉडचं टोक वाकलं. थोडंथोडकं नाही, पाण्याला लागेपर्यंत वाकलं. कतला असावा, मोठा. दिलीपनं उजव्या हातानं रॉड धरला आणि ओढला. निघाला नाही. पुन्हा ओढला. मासा पुढून ओढतोय, रीलची मान त्या रबरात घट्ट रुतून बसलेली. मी उठायला लागलो तर होडी डोलली आणि हा ओरडला, "हात नको लावू! माझा आहे!" डावा हात त्यानं छातीशी धरून ठेवला होता, आणि उजव्या हाताच्या शिरा तटतटलेल्या. मी एक हात लांब बसलो होतो. धड दोन हात असलेला माणूस, आणि बघत बसलो, कारण त्यानं तसं सांगितलं होतं. दोरी तुटली. तुटताना बारीक टण् असा आवाज झाला, मग काही नाही.

परतीला रॉड होल्डरमध्ये तसाच अडकलेला. त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद. धमतरी रोडनं आमचा टेम्पो तो झेंड्यासारखा उभा रॉड मिरवत रायपुरात आला, ढाब्यावरची पोरं हसत होती. मी म्हटलं, "हात लावू दिला असता मले तर काय कमी झालं असतं तुझं?" तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तुले नाही समजणार." या वाक्यावर मी जो बिघडलो तो बिघडलो. इतक्या वर्षांत मला जे समजलं नाही ते यानं सांगितलं तरी कधी? त्यानं फोन केला नाही. मीही केला नाही, चूक त्याची होती. मग वहिनींचा फोन आला.

तेरवी झाल्यावर वहिनींनी बोलावलं. "ती बोट घेऊन जा भाऊजी," त्या म्हणाल्या. "पोर्चमध्ये येता जाता दिसते. माझ्यानं नाही पाहवत." होडी ताडपत्रीखाली होती. ताडपत्री काढली तर रॉड अजून होल्डरमध्ये उभा, तुटक्या दोरीचं टोक लोंबत असलेलं. म्हणजे त्यानंही तो काढला नव्हता. काढता आला नव्हता की काढला नव्हता, देव जाणे. होडीबरोबर तो असा नेणं शक्य नव्हतं. मी धरला आणि ओढला. उन्हानं गोंद वितळून रबर आणखी चिकटलेलं. दोन्ही हातांनी ओढला, पाय टेकवून ओढला, माझे दोन धड हात, निघेना. घाम फुटला. दिलीपला शिव्या घातल्या, वहिनी बाजूला उभ्या आहेत हे विसरून घातल्या.

त्या पुढे आल्या. पदर खोचला, होडीशी वाकल्या आणि चिरेच्या दोन काठांवर दोन अंगठे ठेवून त्यांनी पाइप फाकवला. जराच, बोटभरही नाही. "ओढा आता," म्हणाल्या.

रॉड वर आला. जोर लावावाच लागला नाही. लोण्यातून सुरी निघावी तसा आला, आणि मी त्या जोराच्या तयारीत मागे दोन पावलं धडपडलो. हातात रॉड धरून मी उभा राहिलो. राग असा आला की रॉड गुडघ्यावर आपटून मोडावा.

"अबे, एवढंच होतं ना?" मी मोठ्यानं म्हटलं. "एवढंच करायचं होतं मी?"

कोणाला म्हणतो आहे, हे वहिनींनी विचारलं नाही. रॉड निघून गेला होता, तरी त्या तशाच वाकून, दोन्ही अंगठ्यांनी ती चीर फाकवून धरून बसल्या होत्या.