सावलीचं टोक

“थांब, पाय टाकू नगंस.” मागून असा आवाज आला की आमच्या आळीतला माणूस एक पाय वर धरूनच उभा राहायचा. मग शेजारच्या काकी वाकून त्याच्या पायाखालून काहीतरी उचलायच्या. कधी बैलाच्या खुराला ठोकलेली लोखंडी पत्री, कधी बांगडीचा तुकडा, कधी कुणाच्या चपलेचा तुटका अंगठा.

फलटणच्या बाजूला ऊस कारखान्याकडे चालला की रस्त्यावर काय काय सांडतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. आपलं लक्ष उसावर. काकी बाकीचं गोळा करायच्या, ऊन कललं की गच्चीवर मांडायच्या आणि मोबाईलवर फोटो काढायच्या. त्यांचा खरा जीव सावलीवर. बोटभर पत्रीची सावली हातभर होईपर्यंत त्या उकिडव्या बसून राहायच्या.

“टोक तुटाय न्हाई पायजे. टोक तुटलं की फोटू वाया,” हे त्यांचं ठरलेलं.

एकदा त्यांना ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची पिन सापडली. त्या ती घेऊन गच्चीवर, आणि खाली ट्रॅक्टरवाला भरली ट्रॉली रस्त्यात सोडून पिन हुडकतोय. “आवं मावशी, पिन दिसली का कुटं?”

“हाय की माझ्याजवळ. जरा दम धर, सावली लांबाय लागलीया.”

तो बिचारा कपाळाला हात लावून पायरीवर बसला. तेव्हापासून काकी प्रत्येक वस्तू दुसऱ्या दिवशी जिथली तिथे नेऊन ठेवायच्या. फुटकी बांगडी कोण शोधत येणार, असं मी चिडवायचे. त्या तरीही जायच्या.

मागच्या वर्षी फोटोतली टोकं तुटायला लागली. दर वेळी डावीकडची. घाई होत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग त्यांचा डावा खांदा जिन्याच्या दाराला रोज आपटताना पाहिला आणि हे घाईचं नाही, डोळ्यांचं आहे, हे कळलं. सांगितलं तर फोटो सोडून देतील, नाही सांगितलं तर डोळे जातील. कित्येक दिवस मी त्यांच्याकडे जायचंच टाळलं. शेवटी न राहवून म्हणाले, “काकी, डावीकडचं टोक नाही आलेलं.”

त्यांनी मोबाईल नाकाशी धरला. “मला तर सगळं दिसतंय गं.”

सांगलीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर सांभाळायची. येताना एसटीत काकींनी माझा हात धरला. “हाय ती तरी ऱ्हाईल न्हवं?” मी खूप घाबरले होते. थेंबांची बाटली पिशवीत आहे ना, ते पुन्हा पाहिलं.

पुढे मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आळीत आता कुणी कुणाला थांबवत नाही. मला मात्र तिकडून फोटो येतात, आणि प्रत्येकाखाली काकींचा आवाज, “टोक आलंय का? खरं सांग.”

परवा गॅलरीतल्या कपड्याच्या चिमट्याचा फोटो आला. टोक तुटलेलं होतं. ‘आलंय’ असं लिहिलं, पुसलं. मग लिहिलं, “मोबाईल डावीकडे सरकवा.”

थोड्या वेळाने दुसरा फोटो आला. लांबलचक सावली, अगदी टोकापर्यंत. चिमटा मात्र फोटोत नव्हताच.

“आता?” काकींनी विचारलं.

टोक आलं होतं. मी तेवढंच लिहिलं.