गॅरेज आलं की मान फिरवणारे सर

कोल्हारला हमरस्त्यावर गॅरेजांची रांग सुरू झाली की सर मान फिरवायचे. नगरला जाताना गॅरेजं डाव्या हाताला, तेव्हा सर उजवीकडचा ऊस बघत. परत येताना गॅरेजं उजव्या हाताला, तेव्हा डावीकडचा ऊस. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाचा जीव मुठीत, कारण सर समोर कमीच बघत. मी एकदा म्हटलं, "सर, रस्ता पुढं आहे." तर म्हणाले, "शेजारी, तुम्ही आहात ना बघायला?"

मला ते नावानं कधी हाक मारत नसत. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, म्हणून मी शेजारी. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, उंच, ताठ, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. नळाला पाणी आलं नाही तरी ते नळाला विचारायचे, "लाज वाटते का काही?" हे त्यांचं पेटंट वाक्य. काकू सांगायच्या, लग्नानंतर पहिल्यांदा पोळी करपली तेव्हा त्यांनी पोळीलाच हे विचारलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी अँबेसिडर घेतली. दर रविवारी धुणं, पुसणं, काचेवर ओला पेपर फिरवणं. गाडी दिसायला राजबिंडी, पण चालू केली की अंगात आल्यासारखी हलायची. गिअरचा दांडा थरथरायचा, क्लच सोडला की आतून दणका बसायचा. काकूंनी तिच्यात बसणं सोडलं. "जात्यावर बसून गावाला जायची हौस नाही मला," असं त्यांनी चारचौघांत सांगितलं.

दुखणं साधं होतं. इंजिन ज्या रबराच्या बैठकींवर बसतं, ज्यांना आपल्याकडे फाउंडेशन म्हणतात, त्या बैठकी तेल पिऊन आणि वयानं चिरल्या होत्या. कुठल्याही गॅरेजवाल्यानं चहा गार व्हायच्या आत बदलल्या असत्या. सर म्हणाले, "घरीच करू."

नगरहून नवी फाउंडेशनं आली. अंगणातल्या बदामाखाली गाडी लावली. सरांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातला मिस्त्री हिंदीत समजावत होता आणि सर मध्येच तो थांबवून त्याचं हिंदी दुरुस्त करत होते. मग गोणपाट अंथरून स्वतः गाडीखाली शिरले. मी वरून पहार धरायला.

इंजिनाखाली लाकडी फळी, फळीखाली जॅक. हळूहळू इंजिन जरा वर उचलायचं, जुनी बैठक काढायची, नवी सरकवायची आणि भोकाला भोक जुळलं की बोल्ट घालायचा. ऐकायला सोपं आहे. पण जॅक जास्त चढवला की पंखा रेडिएटरला टेकायचा, आणि कमी चढवला की भोकं एकमेकांची तोंडं बघायला तयार नसायची. "लाज वाटते का काही?" सर बोल्टाला विचारत होते. बोल्ट मख्ख.

दुपार कलली. कंटाळून मी म्हणालो, "सर, हमरस्त्याच्या नाक्यावरच्या त्या गॅरेजवाल्याला बोलवू का? तुमचाच विद्यार्थी आहे म्हणतात."

बाहेर फक्त सरांच्या चपला दिसत होत्या.

"म्हणूनच नको," चपलांकडून उत्तर आलं. "शेजारी, त्याला मी भर वर्गात बोललो होतो. उणे गुणिले उणे अधिक का, असं त्यानं विचारलं. मला नीट सांगता आलं नाही, म्हणून मी चिडलो. म्हटलं, तुझ्या बापाला कळलं होतं का कधी? तू गॅरेजात पाने पुसशील. सगळा वर्ग हसला." पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "तोही हसला हो. ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणि पोरगं खरंच गॅरेजात गेलं."

मी उगाच पहारेवर जोर दिला, इंजिन केसभर सरकलं आणि बोल्ट आत गेला. सर बाहेर आले. तोंडाला काळं फासल्यासारखं ग्रीस लागलं होतं. पुसून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "असू दे, शोभतंय."

गाडी चालू केली. दांडा स्थिर, बॉनेट स्थिर. काकू पायरीवर आल्या, पदराला हात पुसत कौतुकानं बघत राहिल्या. सर मात्र खूश दिसेनात. दोन दिवस गेले आणि सकाळी सकाळी मला हाक आली, "शेजारी, चला. गॅरेजला जाऊ."

"आता कशाला? गाडी तर लोण्यासारखी चालतेय."

"चला म्हणतो ना."

त्या दिवशी मी सरांना पहिल्यांदा समोर बघून गाडी चालवताना पाहिलं. गॅरेजवाला हात पुसत बाहेर आला आणि सरांच्या पाया पडला. कानाजवळचे केस पांढरे झालेला गडी, पण सरांपुढं एकदम सातवीतला झाला.

"सर, आज हिकडं कसं काय?"

"जरा हादरतेय गाडी. बघ."

त्यानं इंजिनावर हात ठेवला, कान दिला. "न्हाई हादरत, सर. लई मऊ चालतीय." मग वाकून पाहिलं. "फाउंडेशन नवं हाय की. कुनी टाकलं?"

"मी."

"मग मी काय बघू?"

सरांनी मडगार्ड घट्ट धरलं होतं. शेवटी म्हणाले, "मी तुला एकदा वर्गात बोललो होतो. चुकलं माझं."

गॅरेजवाला आधी गोंधळला, मग मनापासून हसला. "पाने पुसशील, त्येच ना? आवो सर, त्ये तर तुमी समद्यांनाच म्हनायचात! मी एकला थोडाच? आमी न्हाई मनावर घेतलं. बसा, च्या सांगतो."

बिचारा सरांचं ओझं हलकं करायला गेला होता. सरांचा चेहरा असा उतरला की मी चहा तसाच ठेवला. घराच्या फाटकाशी गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं, "सगळ्यांनाच?" मी त्यांच्या वर्गात नव्हतो.

पुढं रविवारची गाडी धुणं बंद झालं आणि फिरणं सुरू झालं. आठवडाभर सर ओट्यावर बसून जुनी पोरं आठवायचे. खिडकीपाशी बसायचा तो. चष्म्याला दोरी बांधायचा तो. नाव आठवलं की पत्ता काढायचा आणि रविवारी माफी मागायला निघायचं. बरोबर मी. एकानं हसून पिशवीभर डाळिंबं दिली. एक जण बांधावर उभा होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता काय उपेग, सर?" आणि कांद्याला पाणी द्यायला निघून गेला. सर गाडीत बसून म्हणाले, "बरोबर बोलला." मला वाटलं होतं ते चिडतील.

सुप्याला एक जण कारखान्यात कामाला होता. फाटकाबाहेर भेटला. "जयभीम, सर," म्हणून त्यानं हात जोडले. सर त्याला लांब बाजूला घेऊन गेले. बराच वेळ दोघं उभे होते, आणि सरांची मान सबंध वेळ खाली होती. परतताना मी विचारलं, "यालाही पान्यांचंच बोलला होतात?"

"नाही. याला दुसरंच बोललो होतो."

ते काय, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला अंदाज आला होता आणि मलाही तो तोंडानं उच्चारायची लाज वाटत होती.

सर थंडीत गेले. झोपेतच. आदल्या संध्याकाळीही ओट्यावर बसून ते कुणाला तरी आठवत होते. "तोंडवळा येतो, शेजारी, नाव येत नाही," असं म्हणत होते. काकूंना लेक घेऊन गेली. घराची किल्ली माझ्याकडे आहे.

मागच्या रविवारी मी सरांच्या झाडांना पाणी घालत होतो. एक माणूस मोटरसायकलवरून आला, फाटकाशी उतरला. डोक्याला रुमाल, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"सर हायेत का?"

मी सांगितलं. तो तिथंच फाटकाला धरून उभा राहिला. नेवाशाहून आलो म्हणाला. मी पाणी दिलं, ते त्यानं हातात नुसतंच धरलं.

"सर पोरांच्या घरी जात्यात, माफी मागत्यात, असं कानावर आलं हुतं. म्हटलं, आपल्याकडं बी येतील. रईवारी कुठं गेलोच न्हाई मी. मंडळीला सांगून ठेवलं हुतं, सर येनार हायेत, घर झाडून ठिवत जा." त्यानं गडू दुसऱ्या हातात घेतला. "मग म्हटलं, म्हातारं मानूस हाय, आपनच जावं."

त्यानं पाणी पिऊन गडू परत दिला आणि हळूच विचारलं, "माझं नाव काढायचे का वो सर कधी?"

"काढायचे की," मी म्हणालो. "नेहमी काढायचे."

त्याचे डोळे भरले. रुमालाच्या टोकानं त्यानं ते पुसले, मला नमस्कार केला आणि गाडीला किक मारली. तो वळणापाशी पोचला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्याला त्याचं नाव विचारलंच नव्हतं. वळणावर त्यानं एकदा मागं वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्याही ते लक्षात आलं असणार.