कुलरातली भोकरी

आमच्या घरात आजवर वाइन एकानेच प्याली आहे, आणि तो आमचा कुलर आहे.

दोष सगळा माझ्या तोंडाचा. दिवाळीत अकोल्याला साडूकडे, म्हणजे विलासकडे, मी वाइनवर जोरदार व्याख्यान झोडलं होतं. (आधार : मोबाइलवरचे व्हिडिओ. प्रत्यक्ष अनुभव : एका लग्नात अर्धा ग्लास, तोही सरबत समजून!) विलासने ते मनावर घेतलं. चहूकडे कपाशी आणि सोयाबीन असताना या पठ्ठ्याने भोकरी नावाच्या जुन्या, आता फारशा कुठे न दिसणाऱ्या द्राक्षाच्या वेली लावल्या होत्या. रीतसर परवाना काढून तो त्यांची फेसाळ वाइनही स्वतःच करायला लागला. मे महिन्यात त्याने एक बाटली अमरावतीला आमच्याकडे पाठवली आणि फोन केला.

"भाऊ, घरचे म्हनतेत वेली उपट आन संत्रा लाव. तुमी जानकार मानूस. संध्याकाळी येतो. तुमी चांगली म्हनली तं वेली राह्यतीन, नाई तं उद्या ट्रॅक्टर!"

आता ती चाखणं भाग होतं. त्यातून सासरे दर्यापूरहून मुक्कामाला आलेले. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या आश्रमात नेमाने जाणारे, संध्याकाळची प्रार्थना न चुकवणारे, खोकल्याचं औषधसुद्धा अल्कोहोल नाही ना, हे लेबलवर वाचून घेणारे! बाटली मी गुपचूप फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे आडवी केली.

"विलासरावनं काय पाठवलं?" मंगलाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"भोकरी," मी कुजबुजलो.

सासऱ्यांना एरवी हाक ऐकू येत नाही. पण बाहेरच्या खोलीतून लगेच आवाज आला, "भोकराचं लोनचं? वा! जेवताना वाढजो, मंगले!"

जेवताना त्यांनी लोणचं मागितलं.

"मुरून राहिलं, मामाजी," मी म्हणालो.

"मुरल्याबिगर कोनी पाठवते काय?"

हात धुऊन ते स्वतः फ्रिज धुंडाळायला निघणार, हे मी ओळखलं. त्यांच्याआधी बाटली काढून मी मागच्या अंगणात पळालो. म्हटलं, पटकन एक घोट घ्यावा आणि मोकळं व्हावं. बुचावरची तार सोडली, आवाज होऊ नये म्हणून टॉवेल गुंडाळला, बूच अर्धं पिळलं... आणि मागे सासऱ्यांच्या चपला वाजल्या! समोर खिडकीला लावलेला कुलर. नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे टाकीत पाणी तळाशीच. टॉवेल काढून बाटली टाकीत आडवी सरकवली आणि चेहरा शक्य तितका निष्पाप करून आत आलो.

लोणचं न मिळाल्याने सासरे रुसून कुलरसमोर आडवे झाले. मंगलाने बटण दाबलं. आमचा लोखंडी कुलर सुरू झाला की नागपूरला निघाल्यासारखा थरथरतो. त्याच्याबरोबर मीही. उठलो, बसलो, पुन्हा उठलो.

"बसा ना जवाईबापू! मुंग्या चावून राहिल्या काय?"

फट्ट!

"मोटर गेली काय?"

"नाही नाही, पत्रा... उन्हानं पत्रा वाजतो!"

मग पंपाने आपलं काम चोख केलं. खसच्या ताट्यांमधून आधी पिकल्या द्राक्षांचा वास आला, मग ताज्या पावाचा. विलासची सगळी मेहनत माझ्या डोळ्यांदेखत हवेत चालली होती आणि मला नाक दाबायचं की श्वास घ्यायचा, ते कळेना!

"काय हवा येऊन राहिली! खस नवी टाकली काय?" सासरे म्हणाले, आणि घोरायला लागले.

संध्याकाळी विलास आला. सासरे जागे होऊन पडलेलेच होते. विलासने माझा हात धरला. "सांगा भाऊ. वेली ठेवू का उपटू?"

"तुझी ती... वस्तू ना?" मी सुरू झालो. "बुडबुडे नाजूक. आधी लिंबाची साल, मग हिरवं सफरचंद, आणि शेवटी जिभेवर ओल्या दगडाचा गारवा..." विलासचे डोळे भरून आले, तसा मला आणखी चेव चढला. "या वेली म्हणजे ठेवा आहे, ठेवा!"

पण विलासचं नाक हलायला लागलं होतं. तो कुलरजवळ गेला, वास घेतला आणि सरळ मागच्या अंगणात गेला. परतला तेव्हा हातात बाटली, आणि बाटलीतून गळणारं कुलरचं पाणी.

"भाऊ, घोटभर तरी घेतली काय?"

"नाही."

त्याचा चेहरा उतरला. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

सासरे उठून बसले. "म्हंजे मी दुपारभर दारूच्या हवेत झोपलो?"

खोलीत कुलर सोडून कुणीच श्वास घेईना. सासऱ्यांनी मात्र एक लांबलचक श्वास आत ओढला.

"पेनार तं मी नाईच. पन असा वास मी जिंदगीत घेतला नाई. इलास, त्या वेलीले हात लावू नको!"

विलास त्यांच्या पाया पडला. मीही वाकलो, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जवाईबापू, पेऊन बरळनारे आमच्या दर्यापुरात लय पाह्यले. न पेता बरळनारा पयल्यांदाच पाह्यला!"