दहा नारळांची सकाळ

अंधेरीच्या एका कॉलेजात मी हॉल झाडायचे. नाटकाचे दिवे शिकणारी एक मुलगी तिथे रोज यायची. ओढणी कायम कमरेला बांधलेली. दिवा हळूहळू वाढवताना ती मोजायची, "एक नारळ, दोन नारळ." नुसते आकडे मोजले तर हात घाई करतो, म्हणायची.

तिचे डिमर म्हणजे लोणच्याच्या बरण्या. त्यात मिठाचं पाणी. लाकडी दांड्याला लावलेली धातूची पट्टी पाण्यात जितकी खाली सोडावी, तितका दिवा उजळायचा.

स्पर्धेच्या दिवशी ते पाणी मला घाण वाटलं. मी बरण्या घासून पालथ्या घातल्या. चूक कळली तेव्हा नाटकाला तासच उरला होता. माझी नोकरी गेली असंच मी धरून चालले.

तिने बरण्या बघितल्या आणि हसत सुटली.

"मावशी, काय चकाचक केल्यात. आता मीठ तुम्हीच घाला. आमटीत घालता तसं, अंदाजाने."

"माझी आमटी खारट होते गं."

"मग तर झकासच."

मी मीठ घातलं. दिवे लागले. नाटकात पहाट व्हायची वेळ आली तेव्हा तिने दांडा माझ्या हातात दिला आणि माझ्या कानाशी मोजू लागली. दहाव्या नारळाला स्टेजवर सकाळ झाली. ती मी केली.