कुत्र्यानं वाट सोडेपर्यंत

परदेशी निघाले त्या दिवशी आबा मला पोचवायला आले नाहीत. वैजापूरच्या अलीकडं एका वेचणी झालेल्या कपाशीच्या शेतात आमची मेंढरं बसवली होती, आणि मेंढरं सोडून माझे वडील स्वतःच्या लग्नालाही वेळेवर गेले नव्हते, असं माय सांगते. म्हणून आम्हीच गाडी तिकडं वळवली. मी बांधावर उतरून पाया पडले. आबांनी डोक्यावर हात ठेवला. "अनोळखी रानात शिरलीस की आधी थांब," ते म्हणाले. "मंग चाल." एवढंच. आमचा खंड्या, कळपाचा राखणदार कुत्रा, गाडीबरोबर बांधाच्या टोकापर्यंत आला आणि तिथून मागं फिरला. त्याला काम होतं. आबांसमोर आवरलेलं रडू मला त्याची पाठ बघून आलं.

आता मी फ्रान्समध्ये, द्रोम नदीच्या खोऱ्यात राहते. लव्हेंडरसारख्या वनस्पतींचं तेल काढणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सुट्टीच्या सकाळी पळते. मायला हे अजून पटलेलं नाही. "मागं कोन लागलंय का?" असं ती फोनवर हटकून विचारते. तिचंही बरोबर आहे. आमच्याकडं माणूस पळतो तो मेंढरू कुणाच्या पिकात शिरलं म्हणून, नाहीतर पोलीस भरतीसाठी. इथं नदीकाठानं अक्रोडाच्या बागा लागतात, मग दगडी पूल, मग दम काढणारा चढ, आणि वर डोंगरातलं मोकळं कुरण. वाट चुकू नये म्हणून झाडांवर पिवळ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. काटेरी झुडपं, पायाखाली लेंड्या, वाऱ्यावर लोकरीचा वास. पहिल्या वर्षी मी गावाकडच्या मैत्रिणींना कळवलं होतं की इथं परकं वाटतच नाही गं. खोटं नव्हतं ते, फक्त घाईचं होतं.

कुरणाच्या तोंडाशी एक पाटी आहे. तिच्यावर पांढऱ्या कुत्र्याचं चित्र आणि खाली सूचना: पळू नका, सायकलवरून उतरा, कळपाला वळसा घाला. ती वाचून मला हसू आलं. धनगराच्या पोरीला मेंढरांच्या कुत्र्याचं काय शिकवताय, असं म्हणत मी तशीच पळत आत शिरले.

त्या दिवशी धुकं होतं. आधी घंटा ऐकू आल्या, मग मेंढरं दिसली, आणि त्यांच्यातलं एक उठून थेट माझ्याकडं आलं. ते मेंढरू नव्हतं. या जातीच्या कुत्र्यांना इथं पातू म्हणतात. वासराएवढं अंग असतं, आणि भुंकणं आपल्या छातीत वाजतं. मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी खाली वाकले आणि दगड उचलला. ही सवय आबांची नव्हे, संभाजीनगरची. कॉलेजात असताना गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमची खोली होती. क्लासवरून परतताना कुत्री अंगावर आली की नुसतं वाकायचं, ती पांगायची. पण गल्लीतल्या कुत्र्याला राखायला काही नसतं. हे पांगलं नाही. दोन झेपांत माझ्यासमोर आलं, ओठ मागं ओढलेले, दात उघडे.

मागं उतार होता. पळावं असं अंगातला प्रत्येक स्नायू सांगत होता, आणि पळाले तर संपलं हेही कळत होतं. दगड बोटांतून सोडून दिला. अंग तिरकं केलं, हात लोंबते ठेवले, नजर जमिनीवर. परक्या कळपाजवळून जाताना आबा असेच उभे राहायचे. मग तोंडातून आपोआप निघालं, "तू कामावर हाईस ना, कर बाबा काम. म्या काय घेऊन नाय चालले." मी फ्रान्सच्या डोंगरात एका कुत्र्याची आमच्या बोलीत मनधरणी करत होते. ते गुरगुरत माझ्याभोवती फिरलं. त्याचा श्वास माझ्या मांडीला लागत होता.

शेवटी धुक्यातून काठी टेकत ओदील आली, कळपाची मालकीण, साठी ओलांडलेली बाई. तिनं जिभेचा नुसता आवाज केला तसं कुत्रं मागं हटलं. ती कुत्री होती, नाव नेज, म्हणजे बर्फ. "पळत आलीस," ओदील म्हणाली. "पळत येतो तो लांडगा, नाहीतर चोर." माझे वडीलही मेंढपाळ आहेत, असं मी तिला कसंबसं सांगितलं. "मग तर तुला कळायला हवं होतं," ती म्हणाली आणि मेंढरांकडं वळली.

रविवारी आबांना फोनवर सगळं सांगितलं. "चावलं तर नाय ना?" त्यांनी आधी विचारलं. मग हळूच म्हणाले, "राखणीच्या कुत्र्यावर दगड उचललास व्हय?" रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना माझी लाज वाटली होती.

तेव्हापासून मी पाटीपर्यंत पळते आणि कुरण चालत ओलांडते. नेज येते, हात हुंगते, वाट सोडते. हे व्हायला दोन उन्हाळे लागले.

मध्यंतरी खंड्या गेला. गेल्या थंडीत मी चार वर्षांनी घरी गेले, तेव्हा मेंढरं पुन्हा वैजापूरजवळच होती. रस्त्यावर उतरले, लांब आबांचं पागोटं दिसलं, आणि मी शेतातून पळत सुटले. दुसरं काही सुचलंच नाही. अर्ध्या वाटेत एक काळा कुत्रा आडवा आला. खंड्याच्या जागी आणलेला शेरू. त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं. तेच उघडे दात, तीच गुरगुर. मी थांबले. अंग तिरकं, हात लोंबते, नजर जमिनीवर. समोर माझे वडील, आणि त्यांच्यापर्यंत जायची मला मुभा नव्हती. इतकं परकं मला त्या धुक्यातही वाटलं नव्हतं.

आबा आले. पण हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना यायला वेळ लागला. तोवर मी आणि शेरू तसेच उभे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाले, "आपलीच हाय रं." शेरूनं माझे बूट हुंगले आणि वाट सोडली.

तुम्ही गाव सोडून गेला असाल किंवा मागं राहिला असाल, घर कशाला म्हणायचं हे तुमचं तुम्ही ठरवलं असेल. माझं घर त्या तीन शब्दांत आहे, आणि ते म्हणणारा माणूस थकत चाललाय. आबा नसतील तेव्हा त्या बांधावर माझ्यासाठी ते कोण म्हणणार, या विचारानं मला चढावर धाप लागते. म्हणून यंदा दोनदा रजा टाकली आहे. शेरूला माझा वास विसरू द्यायचा नाही.